काळी-पांढरीच्या वाटेने गिटारचा फ्रेटबोर्ड कसा शिकावा

कोल्हापुरात गिटार हाती घेणाऱ्या बहुतेकांची सुरुवात कॉर्डपासून, म्हणजे एकाच वेळी वाजवल्या जाणाऱ्या स्वरांच्या गटांपासून, होते. क्लासमध्ये किंवा मोबाइलवर पाहून जी, सी, डी आणि ई मायनर अशा चार-पाच कॉर्ड बोटांत बसतात, काही गाणी जमू लागतात आणि लवकरच गणेशोत्सवातील किंवा स्नेहसंमेलनातील एखाद्या कार्यक्रमात साथीला बसण्याची वेळ येते. तेथे गायक ‘माझी पट्टी काळी चार’ एवढेच सांगतो, म्हणजे त्याचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर असतो. पेटीवाल्याला त्यापुढे काही विचारावे लागत नाही. गिटारवाला मात्र आपल्या ओळखीच्या आकारांपैकी कोणता आकार कोठे सरकवावा या विचारात अडकतो. कॉर्डचा आकार त्याच्या हाताला ठाऊक असतो, परंतु त्या आकारातले कोणते बोट कोणत्या स्वरावर आहे, हे त्याला सांगता येत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी बहुतेक ठिकाणी फ्रेटबोर्डाचा, म्हणजे गिटारच्या मानेवर (नेकवर) जेथे तारा दाबतात त्या फळीचा, रंगीत तक्ता पाठ करण्यास सांगितले जाते. सहा तारा आणि बारा फ्रेट (फळीवरील धातूच्या आडव्या पट्ट्या) म्हणजे बहात्तर जागा. त्या सुट्या-सुट्या पाठ करणे कंटाळवाणे तर आहेच, पण तसे पाठांतर टिकतही नाही. ज्याने पेटीवर थोडेफार बोट फिरवले आहे किंवा घरातील भजनी मंडळात ती वाजताना जवळून पाहिली आहे, त्याच्याजवळ बारा स्वरांचा नकाशा आधीपासूनच असतो. गायन समाज देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासून ज्या शहरात आहे, अल्लादिया खाँसाहेब ज्या शहराच्या दरबारात गायक होते आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या पेटीवादकाचे नाव जेथे अजून आदराने घेतले जाते, त्या शहरातील विद्यार्थ्याने हा नकाशा बाजूला ठेवून इंग्रजी अक्षरांपासून कोरी सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही. तोच नकाशा गिटारच्या नेकवर कसा पसरावा, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

बारा स्वर आणि दोन सलग जागा

पेटीवरील सात पांढऱ्या पट्ट्यांना पाश्चात्त्य नावे सी, डी, ई, एफ, जी, ए, बी अशी आहेत. म्हणजे पांढरी एक ही सी, पांढरी दोन ही डी, आणि याच क्रमाने पांढरी सात ही बी. पाच काळ्यांपैकी काळी एक ही सी शार्प, काळी दोन ही डी शार्प, काळी तीन ही एफ शार्प, काळी चार ही जी शार्प आणि काळी पाच ही ए शार्प. काळ्या स्वरांना वरच्या शेजाऱ्यावरून दुसरे नावही असते; काळी पाचला ए शार्प म्हणतात तसेच बी फ्लॅटही म्हणतात. कोणते नाव केव्हा वापरायचे हे पट्टीवर अवलंबून असते आणि आरंभी त्यात शिरण्याची गरज नाही.

लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच आहे. पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामध्ये काळी पट्टी नाही, तसेच पांढरी सात आणि पुढच्या सप्तकातील पांढरी एक यांच्यामध्येही नाही. गिटारवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसत नाहीत, सगळे फ्रेट सारखेच दिसतात. त्यामुळे या दोन सलग जागा डोक्यात पक्क्या असल्याखेरीज पुढचा हिशेब जुळत नाही. ई नंतरचा फ्रेट एफ आणि बी नंतरचा फ्रेट सी. बाकी सर्व शेजारी पांढऱ्या स्वरांमध्ये एक फ्रेट मोकळा राहतो आणि तेथे काळा स्वर असतो.

येथे शास्त्रीय संगीत शिकणाऱ्यांसाठी एक सावधगिरी आवश्यक आहे. सी म्हणजे सा, डी म्हणजे रे असे समीकरण मनात बसू देऊ नये. आपला षड्ज, म्हणजे सा, गायकाच्या गळ्याप्रमाणे हलतो. सी मात्र कोणत्याही मैफलीत सीच राहतो. अक्षरांची जोडी लावायची ती काळी-पांढरीशी, सरगमशी नव्हे.

तारा लावणे, आणि त्या का बेसूर होतात

सर्वांत जाड तार सहावी आणि सर्वांत बारीक तार पहिली. सहाव्या तारेपासून मोकळ्या तारांचे स्वर अनुक्रमे ई, ए, डी, जी, बी, ई असे असतात. पेटीच्या भाषेत ते सर्व पांढरे आहेत: तीन, सहा, दोन, पाच, सात, तीन. हे आकडे फोन नंबरासारखे एका लयीत म्हणावेत, म्हणजे दोन दिवसांत ते ओठांवर येतात. पाचव्या तारेपेक्षा दोन सप्तके वरचा ए हा स्वर ४४० हर्ट्‌झ धरून केलेल्या नेहमीच्या मिळवणीत सहाव्या तारेची कंपनसंख्या सुमारे ८२.४, पाचवीची ११०, चौथीची १४६.८, तिसरीची १९६, दुसरीची २४६.९ आणि पहिलीची ३२९.६ हर्ट्‌झ असते. सहावी आणि पहिली यांची नावे एकच असली, तरी त्यांच्यात दोन सप्तकांचे अंतर आहे, म्हणून पहिलीची कंपने सहावीच्या बरोबर चौपट होतात.

तारा मिळवण्यासाठी मोबाइलवरील विनामूल्य ट्यूनर पुरेसा आहे. घरच्या पेटीवरून तारा मिळवायच्या असतील तर आधी ती पेटी ट्यूनरवर तपासावी, कारण जुन्या पेट्यांचे सूर ४४०च्या मापाशी नेमके जुळतातच असे नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवेत दमटपणा इतका असतो की लाकूड फुगते, नेक किंचित हलते आणि सकाळी लावलेली गिटार संध्याकाळी बेसूर झालेली आढळते. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात प्रत्येक वेळी वाजवण्यापूर्वी तारा तपासणे हा अभ्यासाचाच भाग समजावा. बेसूर तारेवर नाव घेऊन स्वर वाजवला, तर नाव एक आणि सूर दुसरा अशी चुकीची गाठ कानात बसते.

आणखी एक तपासणी करावी. बाराव्या फ्रेटच्या वर तारेला हलकेच स्पर्श करून निघणारा हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर तार दाबून निघणारा स्वर एकच असला पाहिजे. नव्या तारा घालूनही या दोहोंत स्पष्ट फरक ऐकू येत असेल, तर गिटार दुरुस्ती करणाऱ्याला दाखवावी. अशा गिटारवर वरच्या फ्रेटवरील स्वर शिकणे म्हणजे कान बिघडवून घेणे आहे.

फ्रेट म्हणजे नेमके काय

मिरजेत बनणारी सतार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पडदे ठाऊक असतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि रागानुसार थोडे वरखाली सरकवता येतात. गिटारचे फ्रेट लाकडात पक्के ठोकलेले असतात आणि प्रत्येक फ्रेट स्वराला नेमका अर्धा स्वर, म्हणजे पेटीवरील लगतच्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीइतका, वर नेतो. त्यांच्या जागा गणिताने ठरलेल्या आहेत: तारेची उरलेली लांबी १७.८१७ ने भागली की पुढच्या फ्रेटचे अंतर मिळते. नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (तारांचे दुसरे टोक जेथे टेकते तो भाग) ६५० मिलिमीटर अंतर असलेल्या गिटारवर पहिला फ्रेट नटपासून सुमारे ३६.५ मिलिमीटरवर येतो, तर अकराव्या आणि बाराव्या फ्रेटमधील अंतर सुमारे १९ मिलिमीटरच उरते. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर, म्हणजे ३२५ मिलिमीटरवर असतो. तेथे तारेची लांबी निम्मी होते, कंपने दुप्पट होतात आणि मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. म्हणून शून्य ते बारा एवढेच शिकायचे आहे.

सप्तकाचे असे बारा समान भाग केल्यामुळे सर्व पट्ट्यांत सारखेच वाजवता येते, पण त्याची किंमतही मोजावी लागते. तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा (ग) गिटारचा गंधार अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा असतो. पेटीवरही हाच आक्षेप होता. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, त्यामागे हे एक कारण होते. ख्याल ऐकून तयार झालेल्या कानाला गिटारचा गंधार खटकला तर तो दोष कानाचा नाही, एवढे जाणून पुढे जावे.

सुरुवात जाड तारांपासून

पहिल्या टप्प्यात फक्त सहावी आणि पाचवी तार घ्यावी, आणि त्यांवरही फक्त पांढरे स्वर. बहुतेक कॉर्डचा मूळ स्वर याच दोन तारांवर सापडतो, त्यामुळे या दोन तारा आल्या की निम्मे काम झाल्यासारखे आहे. सहाव्या तारेवर मोकळी ई, पहिल्या फ्रेटवर एफ, तिसऱ्यावर जी, पाचव्यावर ए, सातव्यावर बी, आठव्यावर सी, दहाव्यावर डी आणि बाराव्यावर पुन्हा ई. पाचव्या तारेवर मोकळी ए, दुसऱ्यावर बी, तिसऱ्यावर सी, पाचव्यावर डी, सातव्यावर ई, आठव्यावर एफ, दहाव्यावर जी आणि बाराव्यावर ए. ज्या ठिकाणी सलग दोन फ्रेट आले आहेत, तेथे ई-एफ किंवा बी-सी आहे, हे प्रत्येक वेळी मुद्दाम पाहावे.

हे वाजवताना तर्जनी एकटीच तारेवरून वर-खाली न्यावी, फ्रेटच्या धातूच्या अगदी मागे दाबावे, आणि प्रत्येक स्वर वाजताच त्याचे नाव मोठ्याने घ्यावे. शक्य असेल तर त्याच सुरात म्हणावे. मनातल्या मनात नाव घेणे चालत नाही. मनात घेतलेले नाव बहुधा बोट पोहोचल्यावर सुचते आणि तरीही ते आपल्याला आधीपासून येत होते असा समज होतो. उच्चार केला की ही लबाडी लगेच उघडी पडते. आरंभी अक्षर आणि पेटीचा क्रमांक अशी दोन्ही नावे आलटून-पालटून घ्यावीत. मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून दर दोन ठोक्यांना एक स्वर, एवढी गती पुरेशी आहे. चढताना जमले म्हणजे उतरताना जमेल असे नाही, किंबहुना खरी परीक्षा उतरतानाच होते.

नेकच्या कडेवरचे ठिपके येथे उपयोगी पडतात. ते साधारणतः तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या फ्रेटवर असतात. सहाव्या तारेवर पहिले तीन ठिपके जी, ए, बी आहेत, पाचव्या तारेवर सी, डी, ई. नवव्या ठिपक्यावर मात्र दोन्ही तारांवर काळा स्वर आहे, सहावीवर काळी एक आणि पाचवीवर काळी तीन. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर पुष्कळदा ठिपके नसतात. अशा वेळी नेकच्या वरच्या कडेला पेन्सिलीची बारीक खूण करावी. बाजारात स्वरांची नावे छापलेले स्टिकर मिळतात, ते मात्र लावू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. स्टिकर असेपर्यंत डोळे वाचतात आणि हात काहीच शिकत नाही. शिवाय ते काढताना गोंद फ्रेटबोर्डवर राहतो.

काळे स्वर वेगळे पाठ करावे लागत नाहीत. जी तिसऱ्या फ्रेटवर आणि ए पाचव्या फ्रेटवर असेल, तर चौथ्यावर काळी चारच असणार. आता आरंभी उल्लेखलेल्या गायकाला उत्तर देता येते. सहाव्या तारेवरील चौथ्या फ्रेटवर बार कॉर्डचा (तर्जनी सर्व तारांवर आडवी दाबून धरायची कॉर्ड) ई आकार धरला की काळी चारची मेजर कॉर्ड मिळते. बार कॉर्ड अजून जमत नसेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा एकत्र दाबून ठेवणारा चिमटा) लावून जीचे आकार वाजवावेत. काळी एक हवी असेल तर तोच कॅपो पहिल्याच फ्रेटवर ठेवून सीचे आकार, काळी दोनसाठी डीचे आणि काळी पाचसाठी एचे. पुरुष गायकांची पट्टी बहुधा काळी एक-दोनच्या आणि स्त्रियांची काळी चार-पाचच्या आसपास असल्याने एवढ्यावर बरेच कार्यक्रम निभावतात. मात्र सराव करताना कॅपो काढून ठेवावा, कारण त्याने तारांचे मूळ स्वर बदलतात आणि नवशिक्याचा हिशेब फिसकटतो.

उरलेल्या चार तारा

पहिली तार म्हणजे सहावीच, फक्त दोन सप्तके वर. तिच्यासाठी नवे काही शिकायचे नाही. चौथी आणि तिसरी तार सप्तकाच्या आकारावरून शोधावी. सहाव्या तारेवरील कोणत्याही स्वरापासून दोन तारा खाली आणि दोन फ्रेट पुढे गेले की चौथ्या तारेवर तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. पाचवीवरून तिसरीवर जातानाही हाच आकार चालतो. पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर सी आहे, म्हणून तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरही सी.

दुसऱ्या तारेपाशी मात्र हा नियम मोडतो, आणि नवशिके सर्वाधिक येथेच अडखळतात. शेजारच्या दोन तारांमध्ये सर्वत्र पाच अर्धस्वरांचे अंतर असते, फक्त तिसरी आणि दुसरी यांच्यात ते चार आहे. सगळीकडे पाचच ठेवले असते तर दुसरी तार सी आणि पहिली एफ झाली असती. मग सहावी आणि पहिली एका स्वराच्या राहिल्या नसत्या आणि नेहमीच्या कॉर्ड बोटांत बसवणे अवघड गेले असते. या एका सवलतीमुळे चौथीवरून दुसरीवर आणि तिसरीवरून पहिलीवर जाताना दोनऐवजी तीन फ्रेट पुढे जावे लागते. ट्यूनर नसताना कानाने तारा मिळवण्याची जुनी रीतही यातूनच समजते: एका तारेचा पाचवा फ्रेट म्हणजे पुढची मोकळी तार, फक्त दुसऱ्या तारेसाठी तिसरीचा चौथा फ्रेट.

ताळा पाहण्यासाठी आडवे वाचन करावे. पाचव्या फ्रेटवर सहावीपासून पहिलीपर्यंत ए, डी, जी, सी, ई, ए असे सर्व स्वर पांढरे आहेत. दहाव्या फ्रेटवर डी, जी, सी, एफ, ए, डी, हेही सर्व पांढरे. सातव्या फ्रेटवर बी, ई, ए, डी आणि मग दुसऱ्या तारेवर एकटी काळी तीन, शेवटी पुन्हा बी. हे तीन फ्रेट पक्के झाले की नेकवरील कोणतीही जागा त्यांच्यापासून दोन घरांपेक्षा क्वचितच दूर राहते.

पेटीवरून आलेल्याला एक गोष्ट येथे नवी आहे. पेटीवर एका उंचीच्या सुराला एकच पट्टी असते. गिटारवर तोच सूर अनेक ठिकाणी मिळतो. मोकळ्या पहिल्या तारेची ई दुसरीच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या फ्रेटवर त्याच उंचीची ऐकू येते, केवळ नाद अधिकाधिक जाड होत जातो. हा फरक सावकाश ऐकण्यासारखा आहे, कारण एखादी ओळ कोणत्या तारेवर वाजवावी याचा निर्णय पुढे याच नादावरून घ्यायचा असतो.

रोजचा अभ्यास

एकाच बैठकीत तासभर घोकण्यापेक्षा दिवसातून दोन-तीन वेळा पाच-सात मिनिटे देणे अधिक फलदायी ठरते. चाचणीसाठी बारा चिठ्ठ्यांवर बारा स्वर लिहून एक उचलावी आणि तो स्वर सहाही तारांवर, बाराव्या फ्रेटच्या आत, शोधावा. सीची चिठ्ठी आली तर सहावीचा आठवा, पाचवीचा तिसरा, चौथीचा दहावा, तिसरीचा पाचवा, दुसरीचा पहिला आणि पहिलीचा आठवा फ्रेट, असा फेरा पूर्ण झाला पाहिजे. घरात कोणी पेटी वाजवत असेल तर त्यांना एखादी पट्टी दाबून ठेवण्यास सांगावे आणि तो सूर गिटारवर शोधावा. अशा वेळी नाव आणि नाद एकाच वेळी पक्के होतात. मोबाइलवरील प्रश्नोत्तरांची ॲप्स वाईट नाहीत, पण हातात गिटार नसताना त्यांवर मिळवलेले गुण फार मनावर घेऊ नयेत.

एवढे आल्यावर भूप राग घ्यावा. सा, रे, ग, प, ध आणि वरचा सा यांमध्ये एकाच तारेवर दोन, दोन, तीन, दोन आणि तीन फ्रेटचे अंतर आहे. पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर सा धरला, तर तीन, पाच, सात, दहा, बारा आणि पंधरा या फ्रेटवर सी, डी, ई, जी, ए, सी येतात. आता सहाव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे काळी तीनवर सा धरावा. दोन, चार, सहा, नऊ, अकरा आणि चौदा या फ्रेटवर पेटीच्या पाचही काळ्या येतात. वाजवताना सरगम म्हणण्याचा मोह आवरून स्वरांची स्थिर नावे घ्यावीत: एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, सी शार्प, डी शार्प. मग हाच भूप दोन तारांवर विभागून वाजवावा, पुढे तीन तारांवर, आणि दर आठवड्याला षड्ज एका अर्धस्वराने वर सरकवावा. बाराव्या फ्रेटच्या पुढे तेरावा म्हणजे पहिला, चौदावा म्हणजे दुसरा अशीच पुनरावृत्ती असल्याने तेथे नवी नावे शिकायची नाहीत, फक्त अरुंद घरांत बोट नेमके बसवण्याची सवय करायची आहे.